फाटकापाशी रोवन

आर्डवोरन,
१८ ऑगस्ट १९५२

चि. सौ. मर्डिनास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारच्या टपालबसने पोचलं. सोबतचा तंबाखू शेजारी टॉर्किलला नेऊन दिला. त्याने तुझ्या नवऱ्याला, अ‍ॅलेकला, आशीर्वाद सांगितले आहेत, आणि ग्लासगोत राहून माणूस एवढा चांगला कसा राहिला याचं नवल केलं आहे.

गवत कापून झालं, पण वाळत नाही. दोन दिवस ऊन पडतं, की तिसऱ्या दिवशी समुद्रावरून धुकं येऊन बसतं. गाय बरी आहे. फाटकातल्या रोवनच्या झाडाला यंदा इतकी फळं धरलीत की फांद्या भिंतीवर टेकल्या. अजून नारिंगी आहेत. हिवाळा कडक जाणार असं टॉर्किल म्हणतो. दरवर्षीच म्हणतो, पण यंदा झाडाकडे बोट दाखवून म्हणतो.

आता मुद्द्याचं. वीज येते आहे. खांब पुलापर्यंत आले. गेडिस नावाचा मुकादम आपल्या मागच्या खोलीत उतरला आहे. अ‍ॅबर्डीनकडचा, विधुर, स्वतःची ताटली स्वतः धुतो. त्याने दोरी धरून पाहिलं तर तारा नेमक्या रोवनवरून जातात. झाड काढलं तर नाताळच्या आत आपल्या घरात दिवा लागेल. झाड ठेवायचं तर खांब टॉर्किलच्या बटाट्याच्या वावरातून फिरवावे लागतील. त्याला टॉर्किलची संमती हवी, आणि दिवा पुढच्या वर्षावर जातो. कागद त्याने टेबलावर ठेवला आहे.

तुला खरं सांगते, मला दिवा हवा आहे. सुईत दोरा ओवायला मी आता दारात जाऊन उभी राहते. पण रोवनला लोखंड लावायचं नाही हे आपण पाळण्यात असल्यापासून ऐकलंय. गेडिसची माणसं सगळी इथलीच निघाली, आणि करवतीचं नाव काढताच एकाची कंबर धरली, एकाचा हात मुरगळला. टॉर्किल गेली तीस वर्षं चर्चमध्ये उभा राहून सांगतो की झाडाला मानणं पाप आहे. त्याला म्हटलं, मग तूच धर करवत. तर म्हणाला, पाप निराळं आणि शेजारधर्म निराळा.

आई जाताना म्हणाली होती की झाडाचं काही करायचं तर दोघी बहिणींनी मिळून ठरवा. तेव्हा तुझं काय ते कळव. मला घरात बसवत नाही. दिवसातून दहा वेळा फाटकापर्यंत जाऊन येते.

अ‍ॅलेकला आशीर्वाद. तुझ्या पत्राकडे डोळे लागलेत, एवढं ध्यानात असू दे.

तुझी
डोलिना


पार्टिक, ग्लासगो,
२३ ऑगस्ट

ती. डोलिनाताईस सा. न. वि. वि.

पत्र आत्ताच मिळालं आणि भांडी तशीच टाकून लिहायला बसले आहे. ताई, झाड तोडू नकोस. कागदावर सही करू नकोस. मी इथे बटण दाबून दिवा लावते आणि तुला अंधारात बसायला सांगते असं तुला वाटेल, वाटू दे. आजीने ते झाड लावलं तेव्हा या घरावर छप्परही नव्हतं. गोठ्याच्या दारावर त्याचीच काटकी आहे, लाल दोऱ्याने बांधलेली. लोण्याची रवी त्याच्याच लाकडाची, तीही वाऱ्याने पडलेल्या फांदीची. असं झाड तारेसाठी जाणार?

अ‍ॅलेक हसतोय. म्हणतो, ग्लासगोत आल्यापासून तू एकदाही देवाचं नाव घेतलं नाहीस आणि झाडाचं घेतेस. त्याला काय कळतंय. तो शहरात जन्मला.

तुझ्या मुकादमाबद्दल मात्र अजून थोडं लिही. ताटली धुतो हे कळलं. पुसून जागेवरही ठेवतो का? तसं असेल तर माणूस हातचा घालवू नकोस. पण त्याला झाडापाशी जाऊ देऊ नकोस. तो उगीच खरवडाखरवड करेल, पीटच्या ढेपांचा ढीग हलवेल. जळणाचा ढीग भिंतीशी रचलेला आहे तिथेच राहू दे, हिवाळ्याच्या तोंडावर हलवू नये.

मला चार दिवसांपासून बरं वाटत नाही. काही दुखत नाही, नुसतं बसल्या जागी उठावंसं वाटतं. जेलीसाठी फळं तोडशील तेव्हा हातानेच तोड. रानसफरचंदं कमी पडली तर इथून पाठवते.

माझ्यावरची माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझी
मर्डिना


आर्डवोरन,
१ सप्टेंबर

चि. सौ. मर्डिनास अनेक आशीर्वाद.

तू एवढी पेटून उठशील असं वाटलं नव्हतं. अठराव्या वर्षी हे गाव सोडून गेलीस, सुट्टीत आलीस तरी तिसऱ्या दिवशी बसचं वेळापत्रक बघायचीस. आता झाडासाठी भांडी टाकून पत्र लिहितेस. मला बरंही वाटलं आणि रागही आला.

राग कशाचा, ते सांगते. त्या झाडाने माझ्याकडून काय घेतलं ते तुला माहीत आहे. तेव्हा तू चौदा वर्षांची होतीस, विसरली नसशील. माझी मैत्रीण एफी आणि मी, दोघींची कॅनडाची तिकिटं निघाली होती. माझी ट्रंक दोरीने बांधून दारात ठेवली होती. जुलैचे पहिले दिवस. आणि सकाळी आई फाटकातून परत आली ती भिंत धरून. रोवनच्या दोन खोडांपैकी घराकडचं खोड सुकलं होतं. पानं अशी लोंबत होती, जणू कोणी उकळतं पाणी ओतलंय. दुसरं खोड हिरवंगार. आई एकच वाक्य बोलली, की बाबा समुद्रात बुडून गेले त्या वर्षीही एक फांदी सुकली होती. मी ट्रंकेपाशी गेले. दोरी सोडली. एफी एकटी गेली.

पुढच्या वसंतात त्या खोडाला पुन्हा पालवी आली. आई मला हाताला धरून दाखवायला घेऊन गेली, तू थांबलीस म्हणून झाड वाचलं म्हणाली. मलाही ते पटलं. त्या पटण्यावर मी एकोणतीस वर्षं काढली, त्यातली सहा आईच्या अंथरुणापाशी.

एफी दर नाताळला पत्र पाठवते. नवरा वारल्यापासून तिचा एकच धोशा आहे की आता तरी ये. तिच्या सफरचंदाच्या बागेचा फोटो दिवाणखान्यात आहे, पण आताशा मी तो उलटा ठेवते.

गेडिस ताटली पुसून जागेवर ठेवतो. तुझं समाधान झालं असेल. चेष्टा पुरे. तो मला कानशिलांवर पिकलेले केस असलेला पाद्री वाटतो, आणि त्याला मी बहुधा खाणावळ वाटते.

झाडाचं अजून ठरत नाही. लवकर लिही, आणि या वेळी शांतपणे.

तुझी
डोलिना


आर्डवोरन,
९ सप्टेंबर

मर्डिना,

तुझ्या पत्राची वाट न बघता लिहिते आहे. नमस्कार-आशीर्वाद पुढच्या वेळी.

काल गेडिस झाडाचं खोड मोजायला गेला. पीटचा ढीग थोडा हलवावा लागला. त्याचे वडील एका इस्टेटीवर जंगल राखायचे, त्यामुळे झाडाकडे तो नुसता बघत नाही, हात लावून बघतो. घराकडच्या खोडाला खाली, गुडघ्याच्या उंचीवर, पट्टा बांधल्यासारखी सूज आहे. शेवाळ खरवडून त्याने मला बोलावलं. म्हणाला, बाई, हे किडीचं नाही, विजेचं नाही. कोणीतरी सुरीने साल सोलली आहे, चांगली आतपर्यंत, गोल. भिंतीकडच्या बाजूला दोन बोटं साल राहून गेली, बहुधा हात पोचला नसेल, म्हणून खोड वाचलं. किती जुनं असेल, मी विचारलं. म्हणाला, पंचवीस तरी, तीसही असतील.

मी आत येऊन बसले. मग कळलं.

आईने केलं. जन्मभर आपल्याला झाडाला लोखंड लावू दिलं नाही, आणि मला बांधून ठेवायला स्वतः सुरी लावली. भिंत धरून आली होती ना, कुठली भिंत धरायची ते ठरवून आली असेल.

तिचा फोटो मी भिंतीकडे तोंड करून ठेवला आहे.

डोलिना


पार्टिक,
१३ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. गेडिसला कितीही कळत असलं तरी तो परका माणूस आहे, तेव्हा इथे नव्हता. कदाचित कुंपणाची तार गुंडाळलेली राहिली असेल. हरणंही साल खातात, अ‍ॅलेकच्या मामाने सांगितल्याचं आठवतं. एवढ्या वर्षांनी खोडावरून कोण काय सांगणार?

आईचा फोटो सरळ कर, ताई. ती कडक होती, पण तिने असं केलं नसेल. मला खात्री आहे.

सोबत लोकर पाठवते आहे, करडी. तुला हवी होती ती छटा मिळाली नाही. अ‍ॅलेकला खोकला आहे. इथे पाऊस.

तुझी
मर्डिना


आर्डवोरन,
१८ सप्टेंबर

मर्डिनास आशीर्वाद.

लोकर पोचली. तारेने सूज येते, साल सोलली जात नाही. हरणं गोल खात नाहीत. मी विचारलं गेडिसला.

तुला खात्री आहे म्हणतेस. मलाही एकोणतीस वर्षं खात्री होती. रविवारी मी चर्चला गेले पण तिच्या थडग्याकडे वळले नाही. लोकांनी पाहिलं. टॉर्किलने विचारलं तर पाय दुखतोय म्हटलं. सोमवारी तिची पेटी उपसली. ती चांगली तपकिरी शाल, जी मी तिला हिवाळाभर खांद्यावर घालून द्यायचे, दारावर कथलाची भांडी विकणारी बाई आली होती, तिला देऊन टाकली. बाई मला तीन-तीनदा विचारत होती, नक्की का. दुसऱ्या दिवशी मी त्या बाईला शोधत पुलापर्यंत गेले. मग तिथून नुसतीच परत आले. शाल मिळाली असती तर काय केलं असतं, तेही माहीत नाही.

तिला मी चमच्याने भरवलं, मर्डिना. शेवटच्या वर्षी ती मला तू समजायची, तुझ्या नावाने हाक मारायची. मी ओ द्यायचे.

झाड काढून टाकायचं म्हणते. गेडिसला महिनाअखेर सही द्यायची आहे. तुझी ना नसेल तर तसं एका ओळीत कळव.

डोलिना


पार्टिक,
२२ सप्टेंबर

ती. डोलिनाताईस शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी अ‍ॅलेकला वाचून दाखवलं आहे, म्हणजे ते टपालात टाकल्यावाचून मला राहता येणार नाही.

आईने केलं नाही. मी केलं.

बाबांची हाडाच्या मुठीची सुरी, दोर कापायची. तू मेंढ्यांची लोकर कातरायला वर डोंगरावर जायचीस ते तीन दिवस. शाळेतून आल्यावर मी पीटच्या ढिगामागे बसायची. पहिल्या दिवशी नुसती वरची साल निघाली. झाडांना असं केलं की सुकतात हे मी मास्तरांकडून ऐकलं होतं, ते मेंढ्यांपासून रोपं वाचवायचं शिकवत होते. दुसऱ्या दिवशी जोर लावला. तिसऱ्या दिवशी आतलं पांढरं दिसेपर्यंत. भिंतीकडे हात जाईना. मग चिखल चोपडला आणि ढीग पुढे ओढला.

का केलं ते तुला कळेल, पण मलाच लिहू दे. तू गेलीस की मी आणि आई, दोघीच उरणार होतो. तू होतीस म्हणून त्या घरात कोणी हसायचं. मला वाटलं एखादी फांदी सुकेल, आई घाबरेल, तू एक वर्ष थांबशील. एक वर्ष, एवढंच डोक्यात होतं. तोवर मी पंधराची होईन.

तू दोरी सोडलीस त्या संध्याकाळी सांगणार होते. शपथ घेत नाही, तू विश्वास ठेव किंवा नको ठेवू. तू रविवारची टोपी ट्रंकेतून काढून परत खुंटीला लावलीस. मी ते पाहिलं आणि ओटची पेज दोन वाट्या खाल्ली. इतका आनंद मला त्यानंतर कधी झाला नाही. ही गोष्ट मी अ‍ॅलेकलाही आत्ताच सांगितली.

मग चार वर्षांनी मीच निघाले. माझी ट्रंक तू धक्क्यापर्यंत उचलून आणलीस. बोट सुटेपर्यंत तू वळून घराकडे बघत होतीस, झाड सुकतंय का म्हणून. ते सुकणार नाही हे त्या धक्क्यावर फक्त मला माहीत होतं. मी तेव्हाही गप्प राहिले.

आईचा फोटो सरळ कर. तिला खरंच वाटलं होतं, ताई. ती खरोखर घाबरली होती.

झाडाबद्दल आता मी ना म्हणत नाही. ते राहावं म्हणून नाही, ती सूज कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून मी ओरडत होते.

लोभ असावा असं लिहायचा मला अधिकार राहिला नाही. तरी वाट बघते.

मर्डिना


आर्डवोरन,
४ ऑक्टोबर

मर्डिना,

पत्र मिळालं. आठ दिवस लिहायला बसत होते आणि उठत होते. कधी चार पानं झाली, ती चुलीत घातली. आता कामाचं तेवढं लिहिते.

चौदा तारखेला ग्रीनॉकहून बोट आहे. एफीला तार केली, तिचं उत्तर आलं. दोन कालवडी आणि सगळी मेंढरं विकली, गाय ठेवली. शनिवारी अकरा तारखेला तू दुपारच्या बसने इथे ये. मी त्याच दिवशी सकाळच्या बसने निघेन. किल्ली टॉर्किलकडे असेल. आधी येऊ नकोस. मला तुझ्याशी बोलायचं नाही असं नाही, पण तुला पाहिलं तर मी एक तर ओरडेन, नाही तर तुला जवळ घेईन, आणि दोन्हीतलं काही झालं तरी बस चुकेल.

अ‍ॅलेकला स्वयंपाक येतो, त्याचं चालेल. तुला हिवाळा इथे काढायचा आहे. हे मी मागत नाही, सांगते आहे.

गायीचं दूध काढताना डाव्या बाजूने बस, उजवीकडून लाथ मारते. कोंबड्या पाच आहेत, तांबडी अंडं लपवते. बटाटे अजून जमिनीत आहेत. पीटचा ढीग पश्चिमेकडून काढायला सुरुवात कर म्हणजे पावसाने कोसळणार नाही. जेली केलेली नाही, फळं झाडावरच आहेत. टॉर्किलला गुरुवारी हेरिंग मासे तळून द्यायचे, त्याला स्वतःला तळता येत नाही असं तो समजतो.

झाडाचा कागद टेबलावर आहे. गेडिसने माझ्यासाठी मुदत वाढवून घेतली. तोडायचं की ठेवायचं ते तू ठरव आणि तू सही कर. मी ठरवणार नाही.

डोलिना


आर्डवोरन,
२० ऑक्टोबर

ती. डोलिनाताईस शि. सा. न. वि. वि.

एफीच्या पत्त्यावर लिहीत आहे. तू सुखरूप पोचली असशील.

शनिवारी तळ्याच्या वळणावर, जिथे रस्ता एकाच गाडीपुरता आहे, आमची बस बाजूला घेऊन उभी केली आणि समोरून तुमची आली. तुझी रविवारची टोपी मी ओळखली. तू सरळ पुढे बघत होतीस. मला दिसलीस की नाही कोण जाणे. खिडकीची काच मी वाजवणार होते, पण हात वर गेला तोवर बस गेली.

टॉर्किलने किल्ली हातात देताना विचारलं की तू का गेलीस. मी सगळं सांगून टाकलं, दारातच, थैली खाली ठेवायच्या आधी. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, तू लहानपणी माझ्याही वावरातली गाजरं चोरायचीस. आणि गेला. दुसऱ्या दिवशी मुकादमाला गाठून त्याने स्वतःच्या बटाट्याच्या वावरात खांब रोवायला संमती दिली. विचारलं तर म्हणतो, ती जमीन तशीही पाणथळ आहे. मी कागदावर झाड ठेवायची सही केली. तोडलं असतं तर मला सोपं गेलं असतं, एवढंच कारण. वीज पुढच्या वर्षी.

बटाटे काढले. पाठ मोडली. गायीने दोन्ही बाजूंनी लाथ मारून पाहिली. फळांचं मात्र चुकलं. सोमवारी टोपली घेऊन गेले तर झाड पक्ष्यांनी भरलेलं, नॉर्वेकडून येतात ते. दोन दिवसांत एक घोस ठेवला नाही. मी टोपली घेऊन बघत उभी. चौदा वर्षांची असताना हाच पक्ष्यांचा गोंगाट मला नकोसा व्हायचा, आताही काही वेगळं वाटत नाही. या घरात मी बसते आणि उठते. तू एकोणतीस वर्षं काय केलंस इथे, संध्याकाळच्या चारनंतर?

आईचा फोटो सरळ केला.

तुझी
मर्डिना


केर्न्सव्हिल, ऑन्टारिओ,
२ डिसेंबर

चि. मर्डिनास आशीर्वाद.

बसमधून मी तुला पाहिलं होतं. तुझी थैली मांडीवर होती आणि तोंड आईसारखं दिसत होतं.

इथे बर्फ गुडघाभर आहे पण हवा कोरडी, हाडात शिरत नाही. पहिले दहा दिवस मी ट्रंक उघडलीच नाही. दार वाजलं की उठून उभी राहायचे, गाय आली असं वाटायचं. एफी म्हातारी झाली आहे. पाठीत वाकली आहे, दोन मुलं तान्ही असताना गेली, नवरा गेला, बाग एकटीने राखते. फोटोत हे दिसत नव्हतं. तिला तुझी गोष्ट सांगितली तर आधी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग डोळे पुसले. म्हणाली की एकोणतीस वर्षं ती मला भित्री समजत होती. बोटीवर एकटीने रडत काढलेले दिवस तिने माझ्या नावावर मांडून ठेवले होते, आणि नाताळची पत्रं तरीही लिहीत होती. म्हणजे तुझी सुरी दोघींना लागली. हे तुला माहीत असावं म्हणून लिहिलं, टोचायला नाही. थोडं टोचायलाही.

मी आले असते तर माझं आयुष्य वेगळं झालं असतं. चांगलं झालं असतं असं आता छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. पण ते माझं मी बिघडवलं असतं. राग अजून आहे. कधी सकाळी नसतो, भांडी घासताना परत येतो. आईवर दोन आठवडे नाहक राग धरला, ती शाल गेली, त्याचं मात्र फार वाईट वाटतं.

रोवन इथेही आहे. रस्त्याच्या कडेला शोभेसाठी लावतात आणि नगरपालिकेची माणसं करवतीने सर्रास छाटतात. मी दोन दिवस वाट पाहिली. कोणालाच काही झालं नाही.

मे महिन्यात बागेला बहर येतो, तेव्हा एफीला आणखी दोन हात लागतात. माझं परतीचं तिकीट मार्चचं आहे. बदलता येतं म्हणतात. विचारायला स्टेशनवर दोनदा गेले आणि दारातून परत आले. घर सोडून इतके दिवस राहिले की काहीतरी होईल अशी धाकधूक अजून जात नाही. वय एक्कावन्न, आणि ही अवस्था.

चारनंतर मी मोजे विणायचे आणि तुझी जुनी पत्रं वाचायचे. जमलं तर अ‍ॅलेकला बोलावून घे. मायेत अंतर पडलंय, पण माया संपलेली नाही, असं समज.

डोलिना


आर्डवोरन,
३ फेब्रुवारी १९५३

ती. डोलिनाताईस सा. न. वि. वि.

हे तुला माझ्याकडूनच कळायला हवं. इथलं कोणी तिकडे एफीच्या दिराला कळवायच्या आत पोचावं म्हणून विमानटपालाने पाठवते आहे.

शनिवारी वादळ झालं. तुझ्या-माझ्या आठवणीत असं झालं नव्हतं. सकाळी नऊला सुरू झालं आणि तीनपर्यंत मी आणि गाय गोठ्यात एकमेकींना टेकून होतो. टॉर्किलच्या छपराचे पत्रे त्याच्याच वावरातल्या विजेच्या खांबाला जाऊन गुंडाळले. डोंगरापलीकडची देवदाराची अख्खी राई आडवी झाली आहे. घर शाबूत आहे. कोंबड्या चार उरल्या. तांबडी वाचली.

फाटकातलं रोवन मोडलं. घराकडचं खोड. मी जिथे साल काढली होती तिथूनच, गुडघ्याच्या उंचीवर. आतून कुजलं होतं, हात घातला तर भुसा आला. दुसरं खोड उभं आहे.

वादळ थांबल्यावर टॉर्किल आला, झाड पाहिलं आणि टोपी काढली. मग पोस्टात जाऊन तारेचा मजकूरही सांगून आला, की रोवन पडलं, परत ये. पोस्टातली बाई शहाणी, तिने तारा तुटल्या आहेत म्हणून ठेवून घेतला आणि सोमवारी मला दाखवला. मी तो फाडला. टॉर्किलला घरी बोलावून सांगितलं की असली तार या घरातून पुन्हा जायची नाही. तो म्हणाला, तुझी आई असती तर. मी म्हटलं, आई नाही. मी आहे.

खरं सांगते, रविवारी मी तुला पाच पानं लिहिली होती. गाय आटली, छप्पर गळतं, बोटं सुजली, इथे मला वेड लागेल, तू मार्चमध्ये नक्की ये. वाचून पाहिलं. त्यातली प्रत्येक ओळ खरी होती. पण ते पत्र म्हणजे तेच काम मी दुसऱ्यांदा करत होते, फक्त या वेळी सुरी नव्हती. ती पानं मी पाठवली नाहीत.

तेव्हा नीट ऐक. झाड वादळाने पडलं. कुजलं होतं म्हणून तिथे मोडलं. कुजलं होतं कारण मी कापलं होतं. त्यात तुझ्या जाण्या-येण्याचा काही संबंध नाही, तेव्हाही नव्हता. स्टेशनवर जा, दारातून परत येऊ नकोस, तिकीट बदल. बहर बघ. त्याच्यापुढे राहावंसं वाटलं तर राहा. अ‍ॅलेक शुक्रवारी येतो आहे. छप्पर त्याला करता येतं, आणि येत नसलं तर शिकेल.

काल मी बाबांच्या कुऱ्हाडीने पडलेलं खोड तोडलं आणि मोडल्या जागेचं वाळकं लाकूड चुलीत घातलं. रोवन या घरात कोणी कधी जाळलं नव्हतं. धूर बराच झाला. त्यावर चहा केला. टॉर्किलने आधी नाही म्हटलं, मग दोन कप प्यायला आणि साखर कमी आहे म्हणाला.

राग असेल तोवर राग लिही, पण लिहीत राहा.

तुझी
मर्डिना